वाचकाची फिर्याद

कादंबरी वाचून संपल्यावर वाचकाची निराशा व्हावी, यांत नवल कांहीं नाहीं. बहुतेक कादंबऱ्या ती करितातच, आणि आपण पुस्तक वाचनालयास परत करून दुसरें घेऊन येतों. परंतु रहस्यकथा वाचून जी निराशा होते तिची जात निराळी आहे. सामाजिक कादंबरी फसली म्हणजे वाचक म्हणतो, 'लेखकाला कांहीं साधलें नाहीं.' रहस्यकथा फसली म्हणजे तो म्हणतो, 'लेखकानें मला फसविलें.' पहिल्या वाक्यांत अभिप्राय आहे; दुसऱ्यांत फिर्याद आहे. ही फिर्याद मुळांत दाखल करून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. लेखक वाचकाचें कांहीं देणें लागतो काय? लागत असेल तर तें कोणत्या करारानें?

या फिर्यादीचा सर्वांत गाजलेला खटला म्हणजे अॅगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची १९२६ सालीं प्रसिद्ध झालेली 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' ही कादंबरी. पुढील विवेचनांत तिचें रहस्य फोडल्यावांचून गत्यंतर नाहीं. ज्यांस तें स्वतःच वाचून जाणावयाचें असेल त्यांनीं येथेंच थांबावें. मासिक कोठें पळून जात नाहीं.

किंग्ज अॅबट नांवाच्या एका इंग्रजी खेड्यांत अॅक्रॉइड या धनिक गृहस्थाचा त्याच्या अभ्यासिकेंत खून होतो. धंद्यांतून निवृत्त होऊन शेजारींच भोपळे लावीत बसलेला पॉयरो हा बेल्जियन गुप्तहेर तपास हातीं घेतो. ही सारी हकीकत आपणांस सांगतो तो गांवचा डॉक्टर शेपर्ड. तो अविवाहित असून थोरल्या बहिणीसह राहतो. बोलण्यांत नम्र, कामांत तत्पर, आणि बहिणीच्या चौकसपणावर मधून मधून हळूच कोपरखळी मारणारा. अशा माणसावर विश्वास ठेवण्यास कारण लागत नाहीं. अविश्वास दाखविण्यास मात्र लागतें. आणि शेवटीं कळतें कीं खून त्यानेंच केला आहे. गांवांतील एका विधवेनें आपल्या नवऱ्यास विष घातल्याचें ओळखून हा डॉक्टर तिजकडून पैसे उकळीत होता; तिनें मरण्यापूर्वीं अॅक्रॉइडला पत्रानें त्याचें नांव कळविलें, आणि तें वाचलें जाण्याच्या आंतच डॉक्टरनें अॅक्रॉइडला संपविलें.

संतापाचें कारण खुनी अनपेक्षित निघाला हें नव्हे. डॉक्टर आपल्या टिपणांत कोठेंहि खोटें लिहीत नाहीं, हें आहे. नऊला वीस मिनिटें असतां पत्र आलें, असें तो लिहितो. नऊला दहा मिनिटें असतां आपण तेथून निघालों, तेव्हां पत्र वाचलेलें नव्हतें, असेंहि लिहितो. दारावर हात ठेवून, कांहीं करावयाचें राहिलें कीं काय म्हणून आपण मागें वळून पाहिलें, हेंहि तो सांगतो. सारें अक्षरशः खरें. त्या दोन वाक्यांच्या मध्यें दहा मिनिटें आहेत, आणि त्या दहा मिनिटांत खून आहे.

पुस्तकावर वाद झाला तो याच दहा मिनिटांवरून. १९२८ सालीं व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकानें अशा कथांसाठीं वीस नियम घालून दिले; गुन्हेगारानें गुप्तहेरावर जे डाव टाकले असतील त्यांपलीकडे वाचकावर स्वतंत्र डाव टाकूं नये, हा त्यांतला एक. १९२९ सालीं रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानें दहा आज्ञाच सांगितल्या. गुप्तहेराच्या सोबत्यानें आपल्या मनांतले विचार वाचकापासून लपवूं नयेत, अशी त्यांतली एक होती. १९३० सालीं लंडनांत रहस्यकथाकारांचें मंडळ स्थापन झालें आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून दडवणार नाहीं, अशी शपथ सभासदांस घ्यावी लागूं लागली. गंमत अशी कीं, खुद्द ख्रिस्तीबाई या मंडळाच्या सभासद होत्या! उलट पक्षीं डोरोथी सेयर्स या लेखिकेनें बाईंची बाजू घेऊन म्हटलें कीं, धागे सारे समोर ठेवलेले आहेत. सर्वांवर संशय घेणें हें वाचकाचें काम. एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकारानें १९४५ सालीं या पुस्तकाचें नांवच मथळ्यांत घेऊन, खून कोणीं केला याची पर्वा कोणास आहे, असा सवाल टाकला. पर्वा पुष्कळांस असावी. पिएर बायार या फ्रेंच प्राध्यापकानें १९९८ सालीं एक सबंध ग्रंथ लिहून डॉक्टरला निर्दोष ठरविलें आणि संशयाची सुई त्याच्या बहिणीकडे वळविली. २०१३ सालीं ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघानें आजवरची सर्वोत्कृष्ट कादंबरी म्हणून हिलाच निवडलें.

मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. नियमवाले कथेस बुद्धिबळाचा डाव समजतात. पण बुद्धिबळांत प्रतिपक्षी समोर बसलेला असतो आणि तो प्रतिपक्षी आहे हें आपणांस ठाऊक असतें. कथा सांगणाऱ्याजवळ आपण तसे बसत नाहीं. आजीजवळ नातवंडें बसतात तसे बसतों. सेयर्सबाईंचें उत्तर तर वकिली आहे. सर्वांवर संशय घ्या म्हणणें सोपें आहे. पण सांगणाऱ्याच्या प्रत्येक शब्दावर संशय घेणाऱ्यास गोष्ट ऐकतांच येणार नाहीं. त्याच्या हातीं नुसते शब्द उरतील. सांगणाऱ्यावरील विश्वास हा वाचकाचा भोळेपणा नव्हे. ज्या जमिनीवर गोष्ट उभी राहते ती जमीनच ती आहे.

आपल्याकडे चमत्कृतीचें वावडें कधींच नव्हतें. नाटकाच्या शेवटच्या, म्हणजे निर्वहणसंधींत अद्भुतरस असावा, असें भरतमुनि सांगतात. तथापि विशाखदत्ताचें मुद्राराक्षस पाहावें. कारस्थानें, हेर, बनावट पत्र, हातीं लागलेली मुद्रा, सारें तेथें आहे. पण चाणक्य जाळें विणूं लागतो तेव्हां प्रेक्षक पहिल्या अंकापासून त्याच्या शेजारीं असतो. फसतो तो राक्षस. आपण त्याच्या फसण्याकडे पाहतों आणि त्याच्या निष्ठेनें गहिंवरतों. ख्रिस्तीबाईंनीं राक्षसाच्या जागीं आपणांस बसविलें. तेथें बसण्याची संवय आपणांस नसते, म्हणून आरडाओरडा.

या विषयाकडे मी वळलों तो पुस्तकी कुतूहलानें नव्हे. चार वर्षांपूर्वीं माझे थोरले बंधु आजारी होते. तीस वर्षें जिल्हा न्यायालयांत वकिली केलेला माणूस. लहानपणीं आम्हां भावंडांनीं वाचनालयांतून बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिका आणून त्यांतल्या झुंजार आणि काळापहाड यांच्या पराक्रमांवर जेवणें थंड केलीं होतीं. तेव्हांपासूनची त्यांची ही आवड. डोळे थकल्यामुळें संध्याकाळीं मी वाचून दाखवीं. ही कादंबरी मींच निवडली. शेवटचीं प्रकरणें ऐकून दादा खरोखर संतापले. "हा लबाडीचा धंदा आहे," म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनीं मला तें खुनाच्या रात्रीचें प्रकरण पुन्हां वाचावयास सांगितलें, साक्षीदाराची जबानी वाचावी तसें, सावकाश. ऐकून झाल्यावर म्हणाले, "एकहि शब्द खोटा नाहीं. हा साक्षीदार माझ्यापुढें उभा असता तर त्या दहा मिनिटांबद्दल मीं एक प्रश्न विचारला असता, आणि तो तेथेंच पडला असता."

"मग कां नाहीं विचारला?" मीं थट्टेनें म्हटलें.

"घरच्या डॉक्टरची उलटतपासणी कोण घेतो?"

त्यांची फिर्याद मला तेथें नीट समजली, आणि तिचें उत्तरहि. केवळ दचकविण्यासाठीं लेखक आपला विश्वास खर्ची घालील तर फिर्याद रास्त आहे. असलीं पुस्तकें शेंकड्यांनीं निघतात, आणि तीं पुन्हां वाचवत नाहींत, हीच त्यांची शिक्षा. परंतु या कादंबरीचा विषयच मुळीं घरच्या डॉक्टरवरचा विश्वास हा आहे. साऱ्या गांवानें त्याच्यावर तो ठेवला. अॅक्रॉइडनें तर दार लावून त्याला आपल्याजवळ बसविलें. आपणहि त्या गांवचे होऊन तसेच फसलों नसतों, तर हें आपणांस नुसतें कळलें असतें. सोसावें लागलें नसतें.

तथापि दादांचा राग मला झोंबला तो निराळ्या कारणानें. त्याच आठवड्यांत मी त्यांचे तपासणीचे कागद घेऊन रुग्णालयांत गेलों होतों. परत आल्यावर त्यांनीं विचारलें, "काय म्हणाले डॉक्टर?" मीं सांगितलें, "औषधें बदललीं आहेत. सहा आठवड्यांनीं पुन्हां यावयास सांगितलें आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांच्या मध्यें रुग्णालयाच्या व्हरांड्यांत घडलेलें दहा मिनिटांचें संभाषण होतें. अश्वत्थामा नांवाचा हत्ती खरोखरच मेला होता; म्हणून धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला नाहीं असें व्यासांनीं लिहिलेलें नाहीं. धर्मराजानें तें राज्यासाठीं केलें, मीं मायेनें केलें, असें मी मनाशीं म्हणत होतों. पण शेपर्डचीं टिपणें वाचतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, वाक्यें जुळविण्याची कला दोघांची एकच आहे. हेतु निराळा असला म्हणजे कला निराळी होते काय, याचें उत्तर मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं.

पुस्तकाच्या शेवटाकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. पॉयरो डॉक्टरला एक वाट मोकळी ठेवतो: झोपेचें औषध अधिक घेऊन त्यानें स्वतःच आपला शेवट करावा, म्हणजे बहिणीला सत्य कळावयास नको. साऱ्या गांवाची बातमी काढणारी ती कॅरोलाइन, तिला आपल्याच घरांतली बातमी कधींच कळणार नाहीं. जे वाचक स्वतःपासून दहा मिनिटें लपविलीं म्हणून हाकाटी करितात, ते या लपवालपवीस मुकाट्यानें संमति देतात. मीहि दिली होती.

दादांनीं दिली नाहीं. "त्या बहिणीला सांगावयास हवें होतें," म्हणाले.

"तिला काय बरें वाटलें असतें?"

"बरें कसलें वाटतें? पण भाऊ तिचा होता."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा झाल्यावर व्हरांड्यांतल्या त्या दहा मिनिटांत डॉक्टर काय बोलले तें मीं त्यांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि दोन प्रश्न विचारले. दोन्ही मुद्द्याचे होते. मग त्यांनीं वाचनालयांतून दुसरें पुस्तक आणावयास सांगितलें. या खेपेस गोष्ट सांगणारा डॉक्टर मात्र नको, एवढी अट घातली.