आधी ६३, मग ६६

आज गीता, अध्याय १८, श्लोक ६३. सगळं ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. ‘मला शरण ये’ हे त्यानंतर, ६६व्या श्लोकात येतं. आधी मोकळीक, मग शरणागती.

‘प्रेम असेल तर फोनचा पासवर्ड दे’, ‘मैत्रिणींना भेटलीस तर बोलणार नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर शांतपणे सांगा, ‘मला विचार करू दे.’ समोरचा थांबतो की अबोला धरतो, धमकावतो, ते बघा. भीती वाटली तर एकट्यानं सोसू नका, विश्वासातल्या माणसाशी बोला. विचार करायची जी मुभा भगवंतानं दिली, ती काढून घेणारा माणूस कोण?