धुरा

वारंगा फाट्यावर नांदेडकडून आलेला रस्ता फुटतो. एक हिंगोलीला जातो, दुसरा हदगाववरून नागपूरकडे. फाट्याजवळच्या एका आखाड्यावर अक्षय्य तृतीयेला लेक पोरांना घेऊन माहेरी आली होती. पत्र्याची चार घरं, गोठ्याला लागून कडब्याची गंजी, खळ्यात शिजवलेली हळद वाळत पडलेली.

आखाड्यामागे दोन शेतांमधला धुरा होता. त्याच्या हद्दीवरून तिच्या भावाचं आणि शेजारच्या काकांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. धुरा आपला, हे चारचौघांना दिसावं म्हणून भाऊ दर उन्हाळ्यात त्यावरचं गवत पेटवून द्यायचा. त्या दिवशीही जेवणं उरकल्यावर, भर दुपारी, त्यानं काडी लावली.

"दादा, वारा सुटलाय. सकाळी तरी पेटवायचास."

"दरसाल पेटवतो मी. काही होत न्हाई."

दरसाल खरंच काही झालं नव्हतं. त्यामुळेच पाण्याची एक घागरही त्यानं जवळ ठेवली नव्हती.

वावटळ उठली आणि जळतं गवत उसाच्या रानात जाऊन पडलं. ऊस कारखान्याला गेलेला, रानभर पाचट पसरलेलं. तेच पाचट कुजू दिलं तर जमिनीत ओल धरतं, खत होतं. पण वैशाखात त्याला ठिणगी लागली की माणसाला पळूनही गाठता येत नाही. जाळ घरांकडे सरकू लागला. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती, त्यामुळे विहिरीत पाणी असून मोटार चालेना. अग्निशमनची गाडी तालुक्याच्या गावाहून यायची होती.

भाऊ हळदीकडे धावला. वर्षाचा पैसा तिथं पडला होता. म्हातारी आई ओरडली, "हळद जाऊ दे! आधी दावी काप!" बैलांनी ओढून गाठी आवळल्या होत्या, त्यानं विळ्यानं दावी कापली. लेकीनं पोरांना डांबरी रस्त्यावर नेऊन उभं केलं आणि हौदात पोती भिजवायला परत आली.

तेवढ्यात काकांचा ट्रॅक्टर दिसला. वळसा घालायला वेळ नव्हता. त्यांनी तो स्वतःच्या काढणीला आलेल्या भुईमुगातून सरळ घातला, धुरा ओलांडला आणि जाळाच्या पुढ्यात नांगर टाकला. नांगराचं एक तास, दुसरं, तिसरं. पाचट मातीखाली जात होतं. डिझेलनं भरलेला ट्रॅक्टर आणि जाळ यांत काही हातांचंच अंतर होतं. काळ्या मातीच्या पट्ट्यापाशी आग अडली. उडालेल्या ठिणग्या बायामाणसांनी ओल्या पोत्यांनी आणि लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून विझवल्या. गंजीचा एक कोपरा जळाला. घरं वाचली.

भाऊ काकांसमोर गेला. "भुईमूग किती गेला सांगा. भरून देतो."

"ते बघू मागून. लेकरं घाबरलीत, त्यांना पाणी पाज आधी."

भुईमुगाचे पैसे काकांनी घेतले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात धुऱ्यावर काडी लागली नाही. गवत विळ्यानं कापलं गेलं. निम्मं काकांच्या म्हशींपुढे पडलं, निम्मं भावाच्या बैलांपुढे. धुरा नेमका कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.