ओरिजिनल पद्मिनी म्हणजे नेमकी कुठली?

आजीची पैठणी कपाटात जपून ठेवायची की तिचा ड्रेस शिवून लग्नात मिरवायचा? गावचा वाडा आहे तसा राखायचा की आत अटॅच्ड टॉयलेट काढून राहण्याजोगा करायचा? जुनी गाडी कंपनीतून आली तशी ठेवायची की तिच्यात नवं इंजिन बसवायचं? माझ्या मते हे तिन्ही प्रश्न एकच आहेत. आपल्या आधी कुणीतरी वापरलेली वस्तू आपल्या हातात आली, की तिच्यावर आपला हक्क नेमका किती?

पैठणी आणि वाड्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी गाडीबद्दल बोलतो, कारण आमच्या घरात हा प्रश्न सध्या चार चाकांवर उभा आहे. आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, फिकट निळी, सांगलीला काकांच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली असते. आजोबा गुरांचे डॉक्टर होते. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी ही गाडी वीसेक वर्षं हाकली. ते जाऊन आता तीन वर्षं झाली. काकांना शेडच्या जागी दोन खोल्या काढायच्या आहेत, त्यामुळे दिवाळीपर्यंत गाडीचं काहीतरी ठरवायला हवं.

काकांचं म्हणणं, गाडी पूर्ण 'ओरिजिनल' करून घेऊ. पुण्यातल्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं म्हणणं, इलेक्ट्रिक मोटर टाकू, एसी बसवू, पुढे डिस्क ब्रेक लावू, म्हणजे आपण ती रोज वापरू. दोघांचंही आजोबांवर प्रेम होतं, त्यामुळे वाद सोपा नाही.

कंपनीतून आली तशी

काकांनी कोल्हापूरच्या एका मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी अर्धा तास नीट पाहिली आणि काय काय काढावं लागेल ते सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटखालची सागवानी फळी, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा आणि डिकीत वेल्डिंग करून बसवलेला लोखंडी कप्पा. आजोबांची उंची पाच फूट दोन इंच होती, म्हणून फळी. उन्हाळ्यात घाम डोळ्यांत जायचा, म्हणून पंखा. औषधांच्या बाटल्या खड्ड्यांत फुटायच्या, म्हणून कप्पा. मिस्त्रींचं काही चुकलं नाही. यातलं काहीच कंपनीने दिलेलं नव्हतं.

म्हणजे गाडी ओरिजिनल करायची तर त्यातून आजोबांना काढावं लागणार. आणि दादाच्या पद्धतीने गेलो तरी ते निघणारच, फक्त वेगळ्या दाराने.

'कंपनीतून आली तशी' हे मोजमाप पद्मिनीला लावायचं तर अजून एक अडचण आहे. ही गाडी मुळात इटलीतल्या फियाट ११०० ची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाईट' या नावाने बनू लागली. पुढे ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिचं उत्पादन चालू होतं. मधल्या काळात तिला डिझेल इंजिनही मिळालं. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर आणि चितोडच्या राणीचं नाव. इटलीच्या शुद्धतावाद्याने पाहिलं तर आपली सगळ्यात 'ओरिजिनल' पद्मिनीसुद्धा एक मॉडिफाय केलेली फियाटच आहे.

काहीच न बदलता येत नाही

समजा आपण ठरवलं की गाडीला हातच लावायचा नाही. तरी ती तशी राहत नाही, कारण तिच्या भोवतीचं सगळं बदलतं. १९८४ मध्ये पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते २००० मध्ये देशभर बंद झालं. आता पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. त्या काळचे रबरी पाइप, सील आणि कार्बोरेटरमधले भाग या इंधनासाठी बनलेलेच नव्हते. जुना रबरी पाइप 'ओरिजिनल' म्हणून ठेवला तर तो फुगेल, तडकेल आणि एखाद्या दिवशी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळेल.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. पाच वर्षं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणी एक अक्षर बदललेलं नसतं, तरी एका सकाळी तो बंद पडतो. खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदललेली असते. जुनं टिकवायचं असेल तर त्यात बदल करावेच लागतात. 'काही बदलू नका' असं म्हणणारा माणूस गाडी सुरू न करण्याच्या बाजूने बोलत असतो, इतकंच.

तीही एक प्रामाणिक बाजू आहे. १९२५ ची एक बुगाटी स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे तलावात सत्तरेक वर्षं पडून होती. २००९ मध्ये ती वर काढली. पुढच्याच वर्षी लिलावात विकली गेली आणि अमेरिकेतल्या एका संग्रहालयाने ती गंजून अर्धी झालेल्या अवस्थेत, दुरुस्त न करता मांडली. तिथे तो गंजच सांगण्यासारखी गोष्ट होता. पण अशी गाडी एखादीच असावी. सगळ्या जुन्या गाड्या अशा ठेवल्या तर त्या कशा आवाज करायच्या, चढावर कशा तापायच्या, हे सांगणारं काहीच उरणार नाही.

मूळ आणि अस्सल

भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. कुजलेली एकेक फळी बदलत अख्खं जहाज बदललं, मग ते थिसियसचं राहिलं का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात गुंता वाढवला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं?

गाड्यांच्या बाबतीत हा वाद एकदा खरोखर कोर्टात गेला. 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिचा भीषण अपघात झाला, चालक ठार झाला. गाडी पुन्हा उभी केली गेली, पुढेही बदलत राहिली. बऱ्याच वर्षांनी ती एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला आणि घेणारा मागे फिरला. शर्यत जिंकलेल्या गाडीतलं यात जवळपास काही उरलेलं नाही, मग ही ती गाडी कशी, असा त्याचा मुद्दा. १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की शर्यतीच्या वेळचे भाग फारसे नाहीत हे खरं, त्या अर्थाने गाडी 'मूळ' नाही. पण ती कधी नाहीशी होऊन नव्याने जन्मलेली नाही. बदल होत गेले, तिचा इतिहास मात्र सलग आहे. म्हणून ती अस्सल आहे.

इंग्रजीत यासाठी दोन शब्द लागतात आणि कोर्टात त्यावर युक्तिवाद होतात. मराठीत ते दोन शब्द आयते आहेत, मूळ आणि अस्सल. आपण मात्र दोन्हींसाठी 'ओरिजिनल' म्हणतो आणि भांडत बसतो. मूळ म्हणजे सुरुवातीला जसं होतं तसं. अस्सल म्हणजे जे आहे म्हणून सांगितलं जातं, ते खरंच असलेलं. चाळीस वर्षं वापरलेली गाडी मूळ राहू शकत नाही. अस्सल राहू शकते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईत होतं. काळी-पिवळी पद्मिनी आठवा. छतावर कॅरिअर, पुढे बाहेरच्या बाजूला मीटर, डिकीत सीएनजीची टाकी, आत छताला फुलाफुलांचं रेक्झिन. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आता कुणी अशी एखादी टॅक्सी घेतली, कॅरिअर काढलं, टाकी काढली, रंग खरवडून कारखान्यातला फिकट रंग दिला, तर गाडी मुळाच्या जवळ जाईल. पण ज्या गाडीसाठी लोक त्या शेवटच्या आठवड्यात हळहळले, ती मात्र हरवेल.

शिवाय ते बदल कुणी केले होते? ज्यांचं पोट गाडीवर होतं त्यांनी, गरजेपोटी किंवा सरकारी आदेशामुळे. कारखान्याचा इंजिनिअर हाच गाडीचा कर्ता आणि पुढचे सगळे बिघडवणारे, असं मानणं मला अन्यायाचं वाटतं. आजोबांची फळीही याच जातीची. शुद्धतेचा आग्रह परवडायला मुळात दुसरी एखादी चालणारी गाडी दारात असावी लागते.

मग काहीही चालेल का?

इथे दादाने मला बरोबर पकडलं. "सलग इतिहास पुरेसा असेल, तर माझी मोटर हा पुढचा धडा समज. आजोबांनी फळी लावली, मी बॅटरी लावतो. फरक काय?"

फरक आहे, आणि तो समजायला मला माझं रोजचं काम उपयोगी पडलं. आम्ही कोड गिटमध्ये ठेवतो. तिथे प्रत्येक बदल नोंदवला जातो, कुणी केला, कधी केला, का केला. नवा बदल आला तरी जुनं तसंच मागे शाबूत असतं, वाटलं तर परत जाता येतं. पण फोर्स पुश नावाचा एक प्रकार असतो. त्याने मागचा इतिहासच पुसून त्या जागी आपला लिहिता येतो. दोन्हींना आम्ही बदलच म्हणतो, पण पहिल्यानंतर पुढच्या माणसाला निवड उरते, दुसऱ्यानंतर उरत नाही.

आजोबांच्या फळीने गाडीतलं काही पुसलं नाही. चार स्क्रू काढले की ती निघते. बॅटरीसाठी फ्लोअर कापला, इंजिन भंगारात दिलं, तर ते कुणालाच परत आणता येणार नाही. २०६० मध्ये आमच्या घरातल्या कुणाला ही गाडी कशी होती ते बघायचं असेल, तर त्याचं मत आज आपण विचारू शकत नाही. ज्याला विचारता येत नाही, त्याचा पर्याय आपण संपवू नये, एवढं बंधन मी मानतो. मालकी हक्क मला मान्य आहे. पण चाळीस वर्षं टिकलेल्या वस्तूचे आपण मधले मालक असतो.

हे बंधन सगळ्या गाड्यांना सारखं नाही. रस्त्यावर लाखोंनी असलेल्या हॅचबॅकचं कुणी काय करावं याला माझी हरकत नाही. वस्तू जशी दुर्मीळ होते, तशी एकेका नगाची जबाबदारी वाढते. पद्मिनी आता त्या टप्प्यावर आहे.

कायदाही दोन टोकांना उभा आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. इलेक्ट्रिक करायचं तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद हवी. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल न केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मूळ रूप राखल्याचं बक्षीस काय, तर गाडीने गाडीचं काम सोडायचं. आमची पद्मिनी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा हा प्रश्न परत येईल.

तोवर मी फॅमिली ग्रुपवर माझं मत लिहून टाकलं आहे. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे मूळपणाचा विचार करायचा नाही. इंधनाचे सगळे पाइप आणि सील नवे, ब्रेकचं पूर्ण काम, पुढे सीट बेल्ट. यात 'गाडीचा आत्मा' वगैरे काही जात नाही. रंग जिथे उडालाय तिथे गंज थांबवायचा, पण सगळी गाडी खरवडून चकचकीत करायची नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात. इंजिन तेच. फळी, पंखा आणि कप्पा जागच्या जागी. आणि एक वही, ज्यात काय बदललं, कधी आणि का, हे लिहायचं. पुढे ही गाडी विकली तरी वही तिच्यासोबत द्यायची, म्हणजे घेणाऱ्याला कुणी 'एकदम ओरिजिनल' म्हणून फसवणार नाही.

काकांना रंगाचं पटलेलं नाही. दादाचा प्रश्नही उभाच आहे, पुढे पेट्रोलच मिळेनासं झालं तर? तर मोटर बसवू, असं मी म्हणालो, पण काहीही न कापता, इंजिनाच्याच जागी, आणि काढलेलं इंजिन तेल लावून घरात ठेवू. "घरात कुठे?" असं आत्याने विचारलं आहे. शेड पाडल्यावर कुणाच्या घरात एवढी जागा आहे, याचं उत्तर ग्रुपवर अजून कुणी दिलेलं नाही. जुनं जपायचं म्हटलं की तत्त्वाइतकीच ही जागेची गोष्टही सोडवावी लागते, आणि ती सोडवायला कुणीतरी आपल्या घरातला एक कोपरा द्यावा लागतो. मी माझ्या फ्लॅटची बाल्कनी मोजून ठेवली आहे.