तपासणीच्या खोलीत निवाडा नको

नोव्हेंबर २०२३च्या सुरुवातीला वाराणसीत आयआयटी-बीएचयूच्या एका विद्यार्थिनीने तक्रार दिली, की तीन तरुणांनी मध्यरात्री आवारातच शस्त्राच्या धाकाने तिच्यावर अत्याचार केला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आयआयटी आणि बीएचयूच्या आवारांमध्ये भिंत बांधायची का, पहारा कुणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. पण गुन्हा आधी विनयभंगाचा नोंदला गेला आणि तिचा जबाब झाल्यावर सामूहिक बलात्काराचे कलम लागले, या गोष्टीकडे फार कमी जणांचे लक्ष गेले. एवढा आघात सोसलेली बाई पहिल्या भेटीत सगळे सांगेलच असे नाही. पोलिसांनी हे ओळखायला हवे, आणि त्यांच्याही आधी डॉक्टरांनी.

कारण कित्येक जणी पोलीस ठाण्याची पायरी चढतच नाहीत. त्या येतात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि सांगतात, ओटीपोटात दुखतेय, झोप लागत नाही, पाळी चुकली. शेजारी सासू उभी असते, टेबलाभोवती चार रुग्ण रेटत असतात. त्या गर्दीत ती काय बोलणार? सोबतच्यांना बाहेर बसवावे, पडदा ओढावा, नर्सताईंना जवळ बोलवावे आणि हळू आवाजात विचारावे, "ताई, कुणी काही त्रास दिलाय का?" तिने सांगितलेच, तर पहिले वाक्य असावे, "सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची काही चूक नाही." इतक्या रात्री बाहेर का गेलात, ओरडला का नाहीत, हे प्रश्न उपचाराला लागत नाहीत.

"आधी पोलीस केस करून या" हे उत्तर तर कायद्यालाच धरून नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने मोफत उपचार केले पाहिजेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार ते नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना कळवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. ते तिला स्पष्ट सांगावे, गुप्ततेचे खोटे वचन देऊ नये. मात्र तिला जबाब द्यायचा नसला, तपासणी नको असली, तरी उपचार थांबत नाहीत. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी पाच दिवसांच्या आत. केंद्रात औषध नसेल, तर पुढच्या रुग्णालयात स्वतः फोन करून, चिठ्ठी देऊन, गाडीची सोय करून तिला पाठवावे.

तिच्याबद्दल कागदावर काय लिहिले जाते, याचा परिणाम किती दूरवर जातो हे महाराष्ट्राने मथुरा खटल्यात पाहिले आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत आणि ती शरीरसंबंधांना 'सरावलेली' आहे, असा अर्थ वैद्यकीय तपासणीतून काढला गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. पुढे सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांसारख्या न्यायवैद्यकतज्ज्ञांनी अशा अवैज्ञानिक तपासण्यांविरुद्ध चिकाटीने लढा दिला. केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी, बाई 'सरावलेली' आहे का हे ठरवण्यासाठी केली जाणारी दोन बोटांची चाचणी बाद ठरवली. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. म्हणून तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहावे. जखम असेल तर नोंदवावी, नसेल तर तेवढेच लिहावे, त्यावरून बलात्कार झालाच नाही असा निष्कर्ष काढू नये. भीतीने गोठलेले माणूस झगडत नाही.

"केस खोटी निघाली तर?" असे काही डॉक्टर विचारतात. खरे-खोटे करायला न्यायालय आहे. डॉक्टरांनी विश्वास ठेवून उपचार केले म्हणून कुणावर अन्याय होत नाही. संशयाने तिला परत पाठवले तर मात्र तिचे आरोग्य, पुरावा आणि हिंमत तिन्ही जातात.

डॉक्टरांची अडचणही खरी आहे. एकच वैद्यकीय अधिकारी, शंभर रुग्ण, वर कोर्टाच्या खेपा. म्हणूनच प्रशिक्षण, पडद्याआडची जागा, तपासणीचा छापील नमुना आणि औषधांचा साठा प्रत्येक केंद्राला पुरवणे ही सरकारची जबाबदारी आहे आणि ग्रामसभेने ती ठणकावून मागितली पाहिजे. पण पडदा ओढायला आणि नीट ऐकून घ्यायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ते आजच्या ओपीडीपासून सुरू करता येईल.