गळलेली ओळ

मुद्रितशोधनाच्या कामात माझी 31 वर्षे गेली. चुकलेले अक्षर डोळ्याला टोचते, गळलेली ओळ टोचत नाही. आधीचे आणि नंतरचे शब्द योगायोगाने जुळून आले, तर अनुभवी वाचकही त्या जागेवरून निःशंक पुढे जातो. म्हणून प्रूफ कधी एकटे वाचायचे नसते. मूळ हस्तलिखित शेजारी हवेच. आयुष्यभर पाळलेला हा नियम निवृत्तीनंतर मी एका फोनच्या बाबतीत विसरलो.

गेल्या दिवाळीत मुलाने त्याचा आयफोन मला दिला. त्याआधी 11 वर्षे मी अँड्रॉइडवर होतो. ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप जुन्या फोनवर घेतले, दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि तासाभरात संपर्क, छायाचित्रे, संदेश, व्हॉट्सॲपवरील संभाषणेसुद्धा इकडे आली. आला नाही तो फक्त हाताचा सराव. जुन्या फोनवर मागे जाण्याचे बटण पडद्याच्या तळाशी उजवीकडे होते. आयफोनला ते बटणच नाही. बहुतेक ठिकाणी डाव्या कडेवरून बोट आत सरकवून मागे यावे लागते. पहिला आठवडाभर माझा अंगठा त्या उजव्या कोपऱ्याकडेच जात राहिला. व्हॉट्सॲपच्या संभाषणात नेमका तिथे माइक असतो. बाहेर पडायला जावे आणि फोनने बोलणे ध्वनिमुद्रित करण्याची तयारी दाखवावी, असे दिवसातून कित्येकदा होई.

मग मी नव्या फोनला जुन्याचे रूप देण्याचा चंग बांधला. आयफोनच्या पडद्यावरील चिन्हे पूर्वी वरून खाली ओळीनेच बसत. मध्ये रिकामी जागा सोडता येत नसे. 2024 मध्ये आलेल्या आयओएस 18 पासून ती हवी तिथे ठेवता येतात. बाहेरचा कळफलक तर 2014 पासूनच बसवता येतो. तीन संध्याकाळी मी याच उद्योगात घालवल्या. जुना फोन डाव्या हातात धरून बँक तिसऱ्या ओळीत, कालनिर्णय तिच्या खाली, अशी एकेक जागा जुळवत होतो. बँकेचे चिन्ह सरकवता सरकवता मनात आले, ही तिसऱ्या ओळीत का? उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. 11 वर्षांपूर्वी ते ॲप ज्या क्रमाने घेतले, त्या क्रमाने ते तिथे पडले होते. ज्याला मी माझी आवड समजत होतो, तो निव्वळ योगायोग होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. मूळ प्रतीतली चूकही इमानाने उतरवणारे खिळेजुळारी मी पाहिले आहेत. त्यांच्यावर मी अनेकदा चिडलो आहे. चौथ्या दिवशी हे काम सोडून दिले. अंगठाही पंधरवड्यात नव्या वळणाला सरावला, आणि सगळे उतरले असे मी मानले.

माझी थोरली बहीण वाईला एकटी राहते. तिला 79 वे वर्ष लागले आहे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी पाहतो, तर रात्री पावणेबाराला तिचा फोन येऊन गेलेला. घाईने फोन लावला.

“आक्का, रात्री फोन केला होतास?”

“काही नाही रे. झोप येत नव्हती, म्हणून केला होता.”

दाजी गेले त्या आठवड्यात, सहा वर्षांपूर्वी, मी जुन्या फोनवर एक व्यवस्था करून ठेवली होती. रात्री दहानंतर फोन मुका राहील, पण आक्काचा फोन मात्र वाजेल. नवा फोनही रात्री मुका राहत होता, पण आक्कासाठीची ही सवलत त्यावर आली नव्हती. आणि ती आली नाही हे कळायला काही मार्गही नव्हता, कारण ती होती हेच मी विसरलो होतो. एकाच क्रमांकावरून तीन मिनिटांच्या आत दुसरा फोन आला, तर तो वाजू देण्याची सोय आयफोनमध्ये आहे. पण आक्काची रीत एकदाच फोन करण्याची. उचलला नाही, तर समोरचा झोपला असेल असे ती समजते.

त्या रात्री काही अघटित घडले नाही. तरीही ती गोष्ट मनातून जात नाही. रात्री-अपरात्री बहिणीसाठी जागे असण्याचे कर्तव्य मी एकदा, दुःखाच्या भरात, यंत्रात नोंदवले आणि त्यातून मोकळा झालो. सहा वर्षे यंत्र जागे राहिले. समाधान मात्र माझ्या नावावर जमा होत होते. असे सोपवण्यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. माणसाची स्मृती तोकडी आहे आणि आठवण ठेवण्याचे ओझे वाढतच जाते. पण सोपवलेल्या कामाची यादी तरी आपल्यापाशी हवी. माझ्यापाशी चिन्हांच्या जागांची यादी होती, ही नव्हती.

आता आक्काच्या नावापुढे, रिंगटोनच्या पानावर, ‘इमर्जन्सी बायपास’ सुरू केले आहे. फोन मुका असला तरी तिचा आवाज येईल. मुलाला जुना फोन विकायचा आहे. मी अजून दिलेला नाही. रोज रात्री त्यातले एकेक पान उघडून नव्याशी ताडून पाहतो. वाचकांपैकी कोणी फोन बदलणार असेल, तर जुना पुसण्याआधी एवढे वाचन करावे, ही विनंती.