दोनशे चाळीस सेक्टर

पिंपरीतली एक छोटी कंपनी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यासाठी नोंदयंत्र बनवायची. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन, वेळ आणि गाडीचा फोटो त्यात साठायचा. रात्रपाळीचा कारकून यूएसबी डिस्क लावून सगळी नोंद उतरवून घ्यायचा. गळीत हंगाम भरात आला की फोटोंचा ढीग पडे आणि नोंद उतरेपर्यंत कारकून अडकून बसे. तक्रारी वाढल्या, तेव्हा हे काम एका नव्या मुलाकडे आलं.

मुलगा हुशार होता. यंत्रात लिनक्स होतं आणि पोर्ट यूएसबी 2.0चं. अशा जोडणीवर ड्रायव्हर एका आज्ञेत जास्तीत जास्त 240 सेक्टर पाठवतो, हे त्याने शोधून काढलं. सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे एका खेपेला 120 किलोबाइट. एक मेगाबाइट लिहायचा तर नऊ खेपा. प्रत्येक खेपेआधी 31 बाइटची आज्ञा जाणार आणि शेवटी डिस्ककडून 13 बाइटची पोच येणार. त्याने ती मर्यादा 2048 केली, नवीकोरी एसएसडी लावली आणि चाचणी घेतली. आता मेगाबाइटमागे एकच खेप. वेग चांगलाच वाढला. तो आकडा सगळ्या यंत्रांत घालावा म्हणून तो मॅडमकडे गेला.

"लिहिलेलं परत वाचून पाहिलंस?"

"हो मॅडम. कॅशमधून नाही, थेट डिस्कवरून. चेकसम जुळला."

"छान केलंस. कारखान्यांत हीच एसएसडी वापरतात का?"

मुलगा गप्प झाला. मला विचाराल तर त्याचं मोजमाप खरं होतं, पण ते एका डिस्कपुरतं खरं होतं.

मॅडमनी कपाट उघडलं. कारखान्यांतून दुरुस्तीला आलेल्या डिस्क त्यात पडून होत्या. एकीच्या डब्याचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं, वर स्केचपेनने 'काटा नं. 2' लिहिलेलं. "सगळ्या लाव. 64पासून सुरू कर, एकेक पायरी वर जा. प्रत्येक पायरीला लिही, वाच, ताडून बघ."

बऱ्याच डिस्क 2048पर्यंत बिनतक्रार गेल्या. 'काटा नं. 2' 240पर्यंत नीट चालली. 512ला तिचा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. 30 सेकंद वाट पाहून कर्नलने डिस्क रीसेट केली. पुन्हा तीच खेप, पुन्हा रीसेट. कर्नलच्या नोंदीत त्याच त्या ओळी उमटत राहिल्या आणि शेवटी लिहिणं चुकल्याचा संदेश आला.

"केबल खराब असेल," मुलगा म्हणाला. त्याने केबल बदलली. फरक पडला नाही.

"केबलला खेप केवढी याचं काही नसतं," मॅडम म्हणाल्या. "डब्यात यूएसबी आणि डिस्क यांना जोडणारी छोटी चिप असते, तिला ती पेलावी लागते. काही चिप तर 64 सेक्टरच्या वर घेतच नाहीत, ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. यूएसबी 3.0च्या जोडणीला तोच ड्रायव्हर आपणहून 2048 देतो. 240 हा आकडा आळसाने ठेवलेला नाही. हमालाच्या पाठीवर किती पोती द्यायची, हे गोदामातला माल बघून ठरत नाही."

"मग वेग वाढवायचाच नाही?"

"वाढवायचा की. ज्याला पेलतं त्याला दे."

मुलाने स्क्रिप्टमधला सरसकट आकडा काढून टाकला. प्रत्येक डिस्कच्या डब्याला उत्पादकाचा आणि मॉडेलचा क्रमांक असतो. तो ओळखून मर्यादा वाढवणारा नियम त्याने लिहिला आणि चाचणीत उतरलेले डबेच त्यात घातले. 'काटा नं. 2' अर्थात त्यात नव्हती. नवी डिस्क घेण्याआधी एक नग तपासायला पाठवावा, असं पत्र कारखान्यांना गेलं. यादी हळूहळू वाढते आहे. जी डिस्क तिच्यात नाही, तिला अजूनही 240च सेक्टर मिळतात.