भिडे पूल पाण्याखाली

पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या नारायण पेठेत एक बातमी वर्तमानपत्राच्या आधी पोचते: भिडे पूल पाण्याखाली गेला. चारच शब्द. दूधवाला सांगतो, समोरच्या वाड्यातल्या काकू गॅलरीतून सांगतात. मग ज्याची गाडी नदीपात्रातल्या रस्त्यालगत असते तो ती काढायला धावतो, डेक्कनला निघालेला लकडी पुलाकडे वळतो, तळमजल्यावरची माणसं गाद्या आणि दप्तरं माळ्यावर चढवू लागतात. त्याच सुमारास जलसंपदा विभागाचा संदेश आलेला असतो: खडकवासला धरणातून विसर्ग इतके हजार क्युसेक. दोन्ही वाक्यं एकाच पाण्याबद्दल आहेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे मला पाठ आहे. पण वीस हजार क्युसेक म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडापासून किती पावलं, हे मला त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

मोठ्या संस्थांचे आराखडे काढणं हा माझा व्यवसाय. त्याला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. संस्थेत कोणती कामं चालतात, त्यांना कोणती सॉफ्टवेअर लागतात, ती कोणत्या यंत्रांवर उभी आहेत आणि एक हललं तर दुसरं काय हलतं, हे सगळं एका नकाशात मांडायचं. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटे, नकाशा पूर्ण आणि बिनचूक असला की झालं, समजणाऱ्याला तो समजेलच. एका कंपनीसाठी मी भिंतभर नकाशा काढला होता. शेकडो चौकोन, त्यांना जोडणारे बाण. सादरीकरणाला कंपनीचे गोदाम सांभाळणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आले होते. ते बराच वेळ नकाशासमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, नवीन सिस्टीम सुरू होईल त्या दिवशी माझा ट्रक फाटकावर थांबेल का, हे यात कुठे बघायचं?" उत्तर नकाशात होतं. पण ते सात चौकोनांत विखुरलेलं होतं, आणि ते गोळा करून देणं हे माझं काम आहे असं तोवर मला वाटलंच नव्हतं.

या विषयाचा इतिहास मी त्यानंतर नीट वाचला. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ साली एक लेख लिहिला. माहितीप्रणालीचा आराखडा कसा असावा, याचं उत्तर शोधायला ते घर बांधणाऱ्यांकडे गेले. मालकाला दाखवायचं चित्र वेगळं, वास्तुविशारदाचं वेगळं, ठेकेदाराचं आणखी वेगळं. त्यांचं म्हणणं असं, की ही एकाच चित्राची कमीअधिक तपशिलातली रूपं नव्हेत. प्रत्येकाची जातच निराळी. पेठेत जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहताना ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको. महापालिकेचा मंजूर नकाशा, सळयांचा आराखडा आणि भाडेकरू काकूंचा 'माझं देवघर कुठल्या भिंतीला' हा प्रश्न, तिन्ही एकाच इमारतीबद्दल असतात. पण सळयांचा आराखडा कितीही सोपा केला तरी त्यातून देवघर निघत नाही.

पुढे २०००च्या आयईईई १४७१ या मानकाने याला शिस्त दिली. आधी माणूस ठरवा, मग त्याची काळजी ठरवा, मग ती काळजी ज्यातून दिसेल असा कोन, आणि त्या कोनातून दिसणारं चित्र. या माणसाला मानकात स्टेकहोल्डर म्हटलं आहे. त्या शब्दाला सरकारी मराठीत सर्रास 'भागधारक' म्हणतात ते मला पटत नाही. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला. इथे ज्याच्या दारात पाणी येणार आहे त्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे, मग त्याने काही घेतलेलं असो वा नसो.

या शिस्तीला साजेशी आर्किमेट ही चित्रभाषा २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये घडली. मूळ आराखडा एकच ठेवायचा आणि त्यातून ज्याचं त्याला चित्र काढून द्यायचं, ही तिची रीत. हा देशही पाण्याशी झुंजणारा. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात पाण्याने भरलेले काचेचे तीन स्तंभ आहेत. दोन स्तंभांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते. तिसरा १९५३च्या महापुराची पातळी दाखवतो, ४.५५ मीटर. ती बघायला माणसाला मान वर करावी लागते, आणि आकडा न वाचताही कळायचं ते कळतं.

हे वाचल्यावर काही वर्षं मी मानत आले, की आमचा भिडे पूल हा तसलाच स्तंभ आहे, आणि तो लोकांनी स्वतः घडवला आहे. कुठल्याही सल्लागाराने सुचवलेला नाही. गरज कुठून आली तेही स्पष्ट आहे. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत धरण फुटलं. आदल्या रात्री जवान तिथे वाळूची पोती रचत होते, म्हणजे धोका धरणावर माहीत होता. माझ्या सासूबाई तेव्हा शाळकरी होत्या. त्या सांगतात, पूर म्हणजे नदी थोडी वर येणार, एवढंच लोकांच्या मनात होतं. कितीतरी जण पाणी बघायला पुलावर गेले. धरणावरची माहिती आणि पेठेतली समजूत यांच्यामध्ये काही तासांचा अवधी होता, आणि दोन्ही जोडणारं चित्र कोणाकडे नव्हतं.

२५ जुलै २०२४ला माझा समज अपुरा ठरला. खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पलीकडे गेला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक पहाटे उठले ते घरात शिरलेल्या पाण्याने. ती वस्ती भिडे पुलाच्या बरीच वर आहे, तिथल्या रहिवाशांना हा पूल काहीच सांगत नाही. आमच्या पलीकडच्या काठावर, पुलाच्या वाडीत, हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. ते तर भिडे पुलाच्या सावलीतलेच. पाणी वाढतंय हे त्यांना दिसत होतं, म्हणून तर ते गाडी हलवत होते. त्या पाण्यात वीज आहे हे दाखवणारं चित्र त्यांच्यापुढे नव्हतं.

याचा विचार मी तेव्हापासून सोडलेला नाही. सोपं चित्र लोकांपर्यंत पोचतं, पण मागच्या आराखड्याशी त्याची गाठ नसेल तर ते एकच गोष्ट सांगतं आणि बाकीच्यांबद्दल गप्प राहतं. धरण एका खात्याचं, वीज दुसऱ्याची, नदीपात्रातला रस्ता तिसऱ्याचा. अमुक क्युसेकला कोणत्या वस्तीत पाणी किती, आणि तितक्या पाण्यात कोणता विजेचा खांब बुडतो, हे उत्तर तिन्ही नकाशे एकमेकांना जोडल्याखेरीज निघत नाही. बँका आणि कारखान्यांसाठी आम्ही हेच काम करतो, रोज करतो. निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत, विसर्गाचे आकडे आहेत, वीजवाहिन्यांचे नकाशे आहेत. त्यांची जोडणी व्हायला हवी आणि त्यातून प्रत्येक वस्तीला तिचं चित्र मिळायला हवं. आणखी एक गोष्ट मला त्या गोदामवाल्या गृहस्थांनी शिकवली. कोणतं चित्र काढायचं हे आराखडा काढणाऱ्याने ठरवू नये, प्रश्न विचारणाऱ्याकडून ते घ्यावं. क्युसेक मोजणारा अधिकारी प्रामाणिक असतो, पण तळमजल्यावरची बाई त्याला काय विचारेल हे तिच्याकडे गेल्याशिवाय त्याला कळणार नाही.

म्हणून जलसंपदा विभागाला, महापालिकेला आणि वीज कंपनीला माझी एकत्र विनंती आहे. काठावरच्या प्रत्येक वस्तीत एक खांब उभा करा. त्यावर रेघा आखा, रेघेशेजारी क्युसेकचा आकडा लिहा, आणि कोणत्या रेघेला वीज बंद होणार तेही लिहा. रेघा ओढताना त्या गल्लीतली चार माणसं सोबत घ्या. या शहरात हे काम जाणणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. सुट्टीचे दिवस देऊन ते येतील, मी येईन. पहिला खांब पुलाच्या वाडीत उभा करा.